आयांचा बुधवार

मूल घरी शिकवायचं ठरलं की सर्वांत आधी आईचं शिक्षण सुरू होतं, आणि ते मुलाच्या शिक्षणापेक्षा कितीतरी खडतर असतं. मूल निदान मधेमधे खेळायला जातं.

हे सत्य बटणच्या आईला जरा उशिराच कळलं. बटण म्हणजे तिची आठ वर्षांची मुलगी. (दिसेल ते बटण दाबून बघण्याच्या सवयीमुळे हे नाव पडलं. जन्मदाखल्यावर वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघत नाही.) आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याची हनुवटी टेकवून घ्यायची, भिंगं बदलायची आणि 'आता कसं दिसतं? आणि आता?' असं विचारत राहायचं, हे तिचं काम. बटणचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सासूबाई निवृत्त होत्या, म्हणजे घरातलं उरलेलं सगळं त्या करायच्या.

बटण शाळेत होती तेव्हा तिच्याबद्दल एकच तक्रार होती: ती खिडकीबाहेर बघते. शाळेने यावर शास्त्रशुद्ध उपाय केला. वर्गाच्या खिडक्यांना निम्म्यापर्यंत पांढरा रंग फासला. त्यानंतर अख्खा वर्ग रंगाकडे बघू लागला, कारण त्याचे पोपडे निघत होते आणि ते पुस्तकापेक्षा रंजक होते. बटणने नखाने खरवडून डोळ्याएवढं भोक पाडलं. मधल्या सुट्टीत तिथे रांग लागायला लागली.

आईला बोलावणं आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला गंभीरपणे ते भोक दाखवलं. आईने सवयीने त्याला डोळा लावला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या, छान दिसतं की हो इथून!"

त्यानंतरची चर्चा फार लांबली नाही.

"शाळेतून काढलीस ते बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "आता शिकवणार कोण?"

"मी."

"आणि तुला कोण शिकवणार?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता, पण पहिल्याच आठवड्यात तो आईच्या अंगावर आला. तिने भिंतीवर फळा टांगला, खडू घेतला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. बटण थोडा वेळ ऐकत राहिली, मग काळजीने म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का? असा आवाज का काढतेयस?"

"कसा?"

"बाईंसारखा."

आईने खडू खाली ठेवला. आपण लेकीचं वाटोळं केलं की काय, ही शंका तिच्या मनात त्या दिवशी जी शिरली ती बाहेर पडायचं नाव घेईना. दुकानातही भिंगं बदलताना तिला तेच दिसायचं. अशा मनःस्थितीत माणूस जिथे जातो तिथे ती गेली. म्हणजे, मंडळात.

घरी शिकवणाऱ्या आयांचं हे मंडळ दर बुधवारी दुपारी जुळ्यांच्या आईकडे भरायचं. जुळ्यांची आई पूर्वी एका विमान कंपनीत, सामान हरवलेल्या प्रवाशांना शांत करण्याच्या खात्यात होती. त्यामुळे तिच्यापुढे कोणाचा आवाज चढत नसे. चढला तर ती त्याला सहानुभूतीने बसायला खुर्ची देत असे. तिच्या खालोखाल वजन होतं पशुवैद्यबाईंचं. मुलगा कोणाचाही असो, त्या आधी त्याचं वजन विचारत आणि मग सल्ला देत. तिसरी व्हायोलिनची आई. तिचा मुलगा व्हायोलिन वाजवायचा आणि तो वाजवत असताना ती ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नजर ठेवायची.

पहिल्या बुधवारी बटणच्या आईला मिळालेले सल्ले खरोखर मोलाचे होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिकवताना गाऊन घालू नये. मूल आपल्याला आईच समजतं. पेन्सिलींना आदल्या दिवशीच टोकं करून ठेवावीत, नाहीतर सकाळचा सगळा उत्साह त्या टोकात जातो. गणिताच्या आधी खायला द्यावं, व्याकरणाच्या नंतर. मूल रडलं तर भागाकार सोडावा, आई रडली तर तो दिवसच सोडावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रश्न विचारून झाला की पाठ फिरवून भांडी घासायला लागावं, कारण समोर आईचा चेहरा असला की मूल उत्तर त्यावरच शोधत बसतं.

हा शेवटचा सल्ला तिने लगेच अमलात आणला. तिची पाठ असताना बटणने सातचा पाढा न अडखळता म्हटला, मग आठचा, मग नऊचा. भांडी संपली तेव्हा आईने घासलेलीच पुन्हा घ्यायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, "आज भांडी अगदी लखलखतायत," आणि आईला भरून आलं.

पण चांगल्या सल्ल्याचा स्वभाव असा की तो एकटा राहत नाही. मंडळाच्या स्वतःच्याच पाहणीप्रमाणे दर दहा आयांपैकी नऊ जणी सल्ला देत होत्या आणि दहावी तो ऐकायला तयार होती; पाहणीच्या दिवशी नेमकी तीच आली नव्हती. गोंधळ वाढला. तेव्हा जुळ्यांच्या आईने अत्यंत सौम्यपणे सुचवलं, की बोलायचं असेल तर हात वर करावा. यात गैर काहीच नव्हतं. हात वर झाले की मागच्या बाईचा हात दिसत नाही, म्हणून रांगेत बसणं आलं. रांगेत बसलं की शेजारणीशी कुजबुज होते, म्हणून जागा ठरवून देणं आलं. वेळेवर सुरुवात व्हावी म्हणून घंटा आली आणि घंटेनंतर आत येणाऱ्यांना दाराशी उभं करणं ओघानेच आलं. सल्ले नुसते ऐकून उपयोग नाही, म्हणून घरी करून आणायचा अभ्यास सुरू झाला. तो पशुवैद्यबाई व्हायोलिनच्या आईचा उतरवून काढू लागल्या. (त्यांच्या वहीत पाळीव कुत्र्याच्या जागी चुकून 'व्हायोलिन' लिहिलेलं सापडल्याने हे उघड झालं.)

हे सगळं आतल्या खोलीत चाले. बाहेर हॉलमध्ये त्या वेळी मुलांचं मुक्त अध्ययन सुरू असे. मुक्त अध्ययन म्हणजे मधलं दार लावून घेणं.

शाळेत जे चालत नाही ते घरी चालावं म्हणून निघालेल्या या मंडळाची प्रगती इतकी नेत्रदीपक होती, की बटणच्या आईचं लक्ष उडायला लागलं. तिची जागा खिडकीजवळ होती. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालायचं आणि वाऱ्याने त्यांची पोटं फुगायची. ते बघताना तिला दोनदा समज मिळाली. तिसऱ्यांदा तिच्या घरच्यांना बोलावणं आलं.

बाबा धुतलेला शर्ट घालून गेले. सासूबाईही निघाल्या. "एकट्याला पाठवलं तर हा सगळ्यालाच हो म्हणून येईल," असं त्यांचं म्हणणं पडलं.

"हुशार आहेत तुमच्या मिसेस," जुळ्यांची आई त्यांना खुर्च्या देत म्हणाली. "पण मन लावत नाहीत. घरी काही ताण आहे का?"

"बुधवारी असतो," बाबा म्हणाले.

"घरून थोडं लक्ष दिलंत तर पुढे येतील. आता परीक्षाही आहे."

"परीक्षा? कोणाची?"

"आयांचीच. मुलांवर परीक्षेचं दडपण आणायच्या आम्ही विरोधात आहोत."

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. रांगेतल्या खुर्च्या पाहिल्या, घंटा पाहिली. "फार छान आहे हो तुमची शाळा," त्या म्हणाल्या. "मुलांसाठीही अशी एखादी काढा."

जुळ्यांच्या आईने आभार मानले.

घरी येताना आई म्हणाली, "सोडू का मंडळ?"

"परीक्षेच्या तोंडावर?" सासूबाई कडाडल्या. "लोक काय म्हणतील?"

परीक्षेच्या बुधवारी नियम कडक होते. फोन बाहेर टोपलीत जमा झाले. मुलांना हॉलमध्ये ताकीद देण्यात आली, की आज काहीही झालं तरी आयांना त्रास होता कामा नये. मधलं दार लागलं, घंटा वाजली. पहिलाच प्रश्न होता: 'मुलांना लांबी-रुंदी शिकवण्याच्या पद्धती सविस्तर लिहा.'

आया लिहू लागल्या. बाहेर आधी थोडी खुडबुड झाली, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि मग एकदम शांतता पसरली. कुठल्याही आईला ही शांतता ओळखायला शिकावं लागत नाही. पेनं थबकली. पण पेपर संपेपर्यंत जागा सोडायची नाही असा नियम होता, आणि तो ज्यांनी एकमताने केला होता त्या सगळ्याच तिथे बसलेल्या होत्या.

बटणची आई उठली.

"वेळ व्हायची आहे अजून," जुळ्यांची आई सौम्यपणे म्हणाली.

आईने दार ढकललं. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. ते बोटभर उघडलं आणि थांबलं. फटीतून एक लाकडी पाठ दिसली. हॉलमधलं, शैक्षणिक साहित्याने भरलेलं मोठं शेल्फ दाराला टेकवून उभं होतं.

"बटण! हे काय केलंत?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून," बाहेरून उत्तर आलं. "पेपर संपला?"

"नाही, पण..."

"मग बस ना आई."

थोडी चौकशी केल्यावर हकीकत कळली ती अशी. आपला आवाज आत जाऊ नये म्हणून दार पक्कं बंद करायचं मुलांनी ठरवलं. शिवणाच्या डब्यातली फीत घेऊन दार मोजलं. मग सोफा मोजला, तो आखूड पडला. टेबल मोजलं, ते बुटकं निघालं. शेल्फ बरोबर बसत होतं, पण वाटेत खांबाला अडकलं असतं, म्हणून ते कोणत्या बाजूने फिरवायचं याचं चित्र काढलं. पुस्तकं उतरवली, शेल्फखाली जुना टॉवेल सरकवला, शेल्फ ओढत आणलं, टॉवेल काढून घेतला आणि पुस्तकं परत भरली.

आत पशुवैद्यबाई भारावून म्हणाल्या, "टॉवेलचा सल्ला माझा होता. गाय हलवताना सांगितला होता मी."

"चित्र काढायचं मीच सुचवलेलं," व्हायोलिनची आई म्हणाली.

जुळ्यांच्या आईने आपल्या वहीत 'मापन' या विषयापुढे सर्व मुलांसाठी 'पूर्ण' अशी खूण केली, आणि मग, जरा वेळाने, आपण कोंडले गेलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

"बाळांनो, आता ते बाजूला करा."

बाहेर जोर लावल्याचे आवाज आले. शेल्फ हललं नाही. आत सल्ला उसळला. डावीकडून ढकला! नाही, उजवीकडून! वर कोणी चढू नका! पाठ लावून रेटा! तुझं वजन किती आहे बाळ? मुलं एक ऐकेपर्यंत दुसरा सल्ला येत होता. मग फटीत बटणचा एक डोळा दिसला.

"आई, सगळ्या एकदम बोलतायत. त्यांना सांग ना, हात वर करून बोला."

आईने मागे वळून पाहिलं. काय होतं तिच्या चेहऱ्यावर कोण जाणे, पण सगळ्या गप्प झाल्या. ती दाराला टेकून जमिनीवर बसली.

"मी सांगू का बटण, काय करायचं?"

"नको. बघतो आम्ही."

उत्तर आईला माहीत होतं. पुस्तकं काढा, हलकं होईल. चारच शब्द होते, आणि ते तिच्या जिभेवर येऊन बसले होते. बाहेर मुलं चुकत होती. कोणीतरी साबण आणला. जुळे भांडले. व्हायोलिनवाला रडवेला झाला. पण दुकानात ती कधीही गिऱ्हाइकाला पाटीवरचं अक्षर सांगत नसे. सांगितलं की नंबर चुकतो. गिऱ्हाईक डोळे बारीक करतं, चुकतं, पुन्हा बघतं. आपण फक्त थांबायचं असतं. हे ती इतकी वर्षं रोज करत आली होती, आणि घरी मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. तिने जीभ दातांखाली धरली.

"पुस्तकं होती तेव्हा हललं का?" बाहेरून बटणचा आवाज आला.

"नाही. काढली तेव्हा हललं."

"मग काढू या."

"आणि परत भरायची कोणी?"

थोडा विचारविनिमय झाला. "आया भरतील," असं ठरलं. ठराव एकमताने संमत झाला.

पहिलं पुस्तक जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला तेव्हा आईला हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना. पशुवैद्यबाईंनी तिला पाणी पाजलं. शेल्फ सरकलं, दार उघडलं, आणि बटणने आधी विचारलं, "पास झालीस का?"

"नाही गं," आई डोळे पुसत म्हणाली. "अर्धा पेपर कोराच राहिला."

"असू दे," बटणने तिच्या पाठीवर थोपटलं. "पुढच्या वेळी बस."

त्यानंतर आई मंडळात गेली नाही. बटणचं बरं चाललं आहे. ती अजून बटणं दाबते. हल्ली आधी स्क्रू काढून आत बघते आणि मग दाबते. बाबा एका रविवारी तिला लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत घेऊन गेले होते, आणि परत येताना दोघंही तेलाने काळी झालेली होती.

मंडळाने मात्र त्या दिवसाचा सखोल अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला, की आया कोंडलेल्या असताना मुलांची प्रगती सर्वाधिक होते. 'बंद दार पद्धत' या नावाने ती आता रीतसर राबवली जाते. गर्दी इतकी वाढली आहे, की शनिवारी वडिलांची वेगळी तुकडी काढावी लागली. ते कोंडून घ्यायला सहज तयार होतात, असा अनुभव आहे.

दुकानात हनुवटी टेकवलेली गिऱ्हाइकं आजही बटणच्या आईला विचारतात, "मुलीला तुम्ही नक्की शिकवता तरी कसं?" ती म्हणते, "मी गप्प बसते." हे ऐकून लोक नाराज होतात. बाई चांगल्या आहेत, पण खरी पद्धत सांगत नाहीत, असं त्यांचं मत पडतं.

सुज्ञ वाचकाला ही अडचण येणार नाही. त्याने मघाशीच, मुलं शेल्फ ओढत होती तेव्हा, आपल्या घरातलं कोणतं कपाट कोणत्या दारात बसेल याचा मनात अंदाज घेतलेला आहे, आणि फीत मुलाच्या हातात द्यायची तर ती धरायची कशी हे त्याला आधी नीट समजावून सांगायचंही ठरवलेलं आहे. त्याने बुधवारी वेळेवर यावं. खिडकीजवळची जागा रिकामी आहे.