बारा चित्रं आणि बायकोचा आवाज

टॅबच्या आवाजात तसं काही वाईट नव्हतं. पण खडू मास्तरांना तो आवडला नाही, आणि सुखातला जीव दुःखात पडला तो तिथूनच.

मास्तर म्हणजे नखशिखांत खडू. बोटांना खडू, कानाच्या पाळीला खडू. चहाचा कप ठेवला तरी त्यावर पांढरे ठसे उमटायचे. त्यांची शाळा जरा निराळी होती. तिथल्या मुलांना कळायचं सगळं, पण कुणाला बोलता यायचं नाही, तर कुणाला मनातलं सांगता यायचं नाही. त्यांच्या वर्गात आठ वर्षांची एक पोर होती. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती चूं न करता यायची आणि चूं न करता जायची. काही हवं असलं की मास्तरांची बाही ओढायची. मास्तरांना कळलं नाही (म्हणजे रोजच) की सरळ जमिनीवर आडवी व्हायची.

अशा पोरांसाठी शाळेत टॅब आले. पडद्यावर बारा चित्रं होती. चित्रावर बोट ठेवलं की टॅब पोराच्या वतीनं बोलायचा. शिक्षकांना आठवडाभर ट्रेनिंग मिळालं, आणि ट्रेनिंगवाल्या बाईंनी शेवटी अट घातली, "शनिवारी तुमच्या वर्गातल्या एका मुलानं, कुणी न सांगता, टॅबवरून एक तरी गोष्ट मागितली पाहिजे. नाही मागितली तर टॅब दुसऱ्या शाळेला जाईल."

टॅब गेला की मुंगी पुन्हा जमिनीवर, आणि मास्तर तिच्या शेजारी उकिडवे, "काय हवं गं बाळा?" विचारत.

त्यातच टॅबचा आवाज असा, की 'पाणी' म्हणाला तरी एसटी स्टँडवर गाडी रद्द झाल्यासारखं वाटावं. बाई म्हणाल्या होत्या, हवं तर घरच्या माणसाचा आवाज भरा. मास्तरांनी स्वतःचा भरून पाहिला. विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय असं वाटलं. मग त्यांनी ठरवलं, आवाज बायकोचा भरायचा. तिचा आवाज घरातून निघाला की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं.

"अगं, फक्त बारा शब्द बोलायचेत," मास्तर स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले.

"बारा शब्दांत माझं कधी भागलंय?" असं म्हणत ती पदर खोचून उभी राहिली.

रीत सोपी होती. लाल ठिपका दाबायचा, शब्द बोलायचा, ठिपका पुन्हा दाबायचा, की हिरवी खूण येते आणि पुढचं चित्र समोर येतं. पण मास्तरांच्या बोटाला खडू. पहिल्यांदा दाबलं ते टॅबला कळलंच नाही. बायको "पाणी" म्हणाली, तेव्हा टॅब झोपलेला. मास्तरांनी थांबवायला म्हणून दाबलं, तेव्हा तो जागा झाला! तिथून पुढे सगळं उलटं. बायको शब्द बोलायची तेव्हा टॅब बंद, आणि दोन शब्दांच्या मध्ये ती मास्तरांना जे काही बोलायची, ते सगळं आत.

ऐकून बघायचं ना? पण मास्तर जन्मभर पोरांच्या वहीत बरोबरच्या खुणा करत आलेले. खूण दिसली की त्यांच्या लेखी उत्तर बरोबर. शेवटच्या चित्राला तेवढी खूण आली नाही. बारापैकी अकरा म्हणजे पहिला वर्ग, असं म्हणून त्यांनी टॅबचं झाकण मिटलं.

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत शाळेच्या मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी फॉर्म घेऊन ट्रेनिंगवाल्या बाई. मुंगी खुर्चीत पाय हलवत बसलेली. मास्तरांनी तिच्यापुढे टॅब ठेवला.

मुंगीनं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"झालं का? माझं दूध गॅसवर आहे, धावा!"

बावीस वर्षांचा संसार होता हो. मास्तर धावले! दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथे दूधही नाही आणि गॅसही नाही.

"सर, तुम्ही कुठे निघालात?" ट्रेनिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"दूध... म्हणजे, दार लावायला."

मुंगीनं एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा टॅबकडे. मग जेवणाच्या ताटावर बोट ठेवलं.

"पंख्याकडे काय बघताय? तो ओला टॉवेल पलंगावरून उचला आधी!"

मास्तर खाली वाकले. टॉवेल नव्हता, म्हणून डस्टर उचलला. (रिकाम्या हातानं वर यायची त्यांची हिंमत नव्हती.) मुंगीचे डोळे लकाकले. तिनं झोपेच्या चित्रावर बोट ठेवलं.

"सरळ उभं राहा! पाठीची कमान झालीय नुसती!"

मास्तर ताठ झाले. मोठ्या बाई ताठ झाल्या. मागच्या रांगेतले ड्रॉइंग मास्तर डुलकी मोडून उभेच राहिले. ट्रेनिंगवाल्या बाईंनीसुद्धा नकळत खांदे मागे घेतले.

आणि मुंगी हसली. खळखळून, आवाज करून! मग काय, धावा, उचला, ताठ व्हा, पुन्हा धावा. मास्तर घामाघूम, खडूचा पार चिखल झाला.

ट्रेनिंगवाल्या बाईंनी हात वर केला. "थांबा. मुलगी हुशार आहे. पण ही मागत नाही, हुकूम सोडते. माझ्या फॉर्मवर हुकुमाचा रकाना नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. "बाई, चूक माझी आहे. तिचा टॅब नेऊ नका हो," असं म्हणत त्यांनी टॅब उचलला आणि ते मटकन खाली बसले.

तेवढ्यात बाही ओढली गेली. मुंगी खुर्चीवरून उतरली होती. ती आडवी झाली नाही. तिनं मास्तरांच्या मांडीवरचा टॅब स्वतःकडे वळवला, बारा चित्रांवरून बोट फिरवत नेलं आणि शेवटच्या चित्रावर ठेवलं. खूण न आलेल्या चित्रावर! तिथे टॅबचा मूळचा आवाज तसाच राहिला होता.

"अजून. हवं." गाडी रद्द झाल्याच्या सुरात टॅब बोलला.

मोठ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. ट्रेनिंगवाल्या बाईंनी फॉर्मवर खूण केली. मास्तर उठले आणि कुणी न सांगता दारापर्यंत धावून आले.

टॅब राहिला. मास्तर छाती पुढे काढून घरी आले आणि त्यांनी बायकोला सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे मागितलं मुंगीनं, हसवलं माझ्या आवाजानं," ती आतून म्हणाली. "मग तुम्ही कशात पास झालात?"

"धावण्यात," मास्तर म्हणाले आणि पाय लांब करून बसले.

थोड्या वेळानं हाक आली, "अहो, मी वाळत घातलेले कपडे काढतेय. दूध गॅसवर आहे, धावा!"

मास्तर गालात हसले. टॅबच्या पिशवीला थोपटून म्हणाले, "आता नाही बरं फसणार!"

मग करपल्याचा वास आला.

मास्तर गुडघ्यांवर बसून ओटा आणि ओट्याखालची फरशी पुसत होते. एक टोक, दुसरं टोक, शेगडीची मागची बाजू. दमून त्यांनी वर पाहिलं. बायको कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. तिनं पिशवीतून टॅब काढला आणि शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं.