शिसं आणि इनासभावजी

सहाही गोळ्या कागदावर रुपयाएवढ्या जागेत बसल्या आणि इनासभावजींचा चेहरा उतरला. रिव्हॉल्वर त्यांनीच दुरुस्त केलेलं, शिशाच्या गोळ्या त्यांनीच हातानं भरलेल्या. पण त्या उडवल्या होत्या क्लबातल्या नव्या माणसानं. दोन महिने भावजी स्वतः उडवून बघत होते, तेव्हा त्याच गोळ्या कागदभर पांगायच्या.

भावजी कामाला होते त्या नेमबाजी क्लबात मी डबा घेऊन गेले होते. तोंड आवरलं नाही.

"भावजी, गोळीत खोट नाय, तुमच्या डोळ्यात हाय!"

शेजारी मॅनेजर उभा होता. पुण्याचा. त्याला मराठी कळतं, हे मला ठाऊक होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वसईचे, बिनलग्नाचे. कतारमध्ये, अल वक्राला माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आमच्याबरोबर राहायचे. खिशात कायम व्हर्निअर, केसाएवढं माप घेणारी ती लोखंडी पट्टी, आणि तोंडात एकच: "माप घेतलं काय?" तव्यावरच्या बांगड्यालाही पट्टी लावायचे. "वयनी, शेपटाकडं पातळ हाय, करपणार." करपायचाच.

गोळी भरकटली की ते शिशावर घसरायचे. शिसं मऊ पडलं, नळीत चिकटतंय. नाहीतर गोळी बारीक झाली, नळीत नीट बसत नाही. रिव्हॉल्वरच्या चक्राची सहाही घरं मोजून झाली, नळी घासून झाली, शिसं पुन्हा वितळवून झालं.

"माप खोटं बोलत नाय, वयनी."

"मग कोण बोलतं?"

ते मान खाली घालून जेवायला लागायचे.

त्या दिवशी मॅनेजरनं माझं बोलणं ऐकलं आणि क्लबानं भावजींना डोळे तपासायला लावले. नेम धरायचा डोळा कामातून गेलेला, ऑपरेशनचाही उपयोग नव्हता. नोकरी खलास, व्हिसा खलास.

विमानतळावर मी विचारलं, "तुमाला ठाव होतं?"

"सहा महिने."

"मग लपवलंत कशाला?"

"मी गेलो तर तुमी बोलणार कुणाशी? नातू तर इंग्लिशमदी उत्तर देतो."

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं. जाणाऱ्या माणसाला हेच म्हटलं.

घरी येऊन केर काढताना माझी खुर्ची आडवी केली. पूर्वी ती डुगडुगायची, मग कधीतरी थांबली होती. मला वाटलं, आपोआप. आखूड पायाला चेपलेल्या शिशाची चकती ठोकलेली होती. मापात.

मुलगा आणि सून सकाळीच कंपनी-बसनं रास लफानला कामावर जातात. नातू शाळेत. दिवसभर घरात मी असते.