एकशे तीसची नाडी

नाडी पाहण्यात आमच्या वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! खऱ्या रुग्णाच्या मनगटाला मी अजून हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. साथ आली, वॉर्ड बंद झाले, आम्ही वैद्यकीयचे विद्यार्थी घरी परतलो आणि अख्खं कॉलेज मोबाइलमध्ये शिरलं. लेक्चर मोबाइलवर, मित्र मोबाइलवर, रोजच्या वाईट बातम्याही मोबाइलवरच. आंघोळीला जातानाही मी तो सोबत न्यायचो. ऑक्सिजनचा सिलिंडर न्यावा तसा!

अशात प्रात्यक्षिक परीक्षा आली. घरातल्या एकाला रुग्ण करायचं आणि मोबाइलवर मॅडमसमोर तपासायचं. नापास झालो तर सहा महिने मागे.

"रुग्ण मी होतो," बाबा म्हणाले. "तू फक्त पास हो."

ते पलंगावर आडवे झाले. आई दाराआड उभी राहिली. माझ्या डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात बाबांचं मनगट. पडद्यावर मॅडम आल्या.

"नाडी किती?"

मी मोजली. परत मोजली. "मॅडम, एकशे तीस!"

"एकशे तीस?" मॅडम सावरून बसल्या.

"एकशे तीस?" बाबा उठून बसले.

"एकशे तीस म्हणजे किती रे?" आईने दाराआडून विचारलं.

"म्हणजे फार!"

आई धावत जाऊन बोटाला लावायचं यंत्र घेऊन आली. त्यावर नाडी दिसली बहात्तर.

"यंत्र बिघडलंय," मी ठामपणे सांगितलं. "डॉक्टर कोण, मी की ते?"

"तू अजून कोणीच नाहीस," बाबा म्हणाले; पण आवाज खोल गेला होता. "तशी सकाळपासून धडधड होतेय खरी."

आईने वरच्या मजल्यावरच्या मावशीला फोन लावला. मावशीने बातमी इमारतीच्या ग्रुपवर टाकली. पुढच्या क्षणी सोसायटीचे सेक्रेटरी पाठीवर फवारणीचा पंप बांधून दारात हजर!

"पेशंट कुठंय?" विचारता विचारताच त्यांनी फवारायला सुरुवात केली.

"अहो, पायपुसणं भिजलं!" आई किंचाळली.

"वहिनी, आजकाल कशाचाच भरवसा नाही!"

इकडे मी पुन्हा मनगट पकडलं. "मॅडम, एकशे चाळीस!"

बाबांनी डोळे मिटले. "आईला सांभाळ रे."

"मी इथेच आहे हो!"

"शांत!" मॅडम अशा कडाडल्या की सेक्रेटरींचा पंपही थांबला. "मघापासून मला फक्त तुझं तोंड दिसतंय. कॅमेरा मनगटाकडे वळव. नाडी कोणत्या बोटाने बघतोयस?"

मी खाली पाहिलं. अंगठ्याने! दिवसभर मोबाइल सरकवणारा अंगठा सवयीने आपसूक पुढे झाला होता. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, त्याने दुसऱ्याची मोजू नये, हे पहिल्याच धड्यात शिकवतात.

"बाबा ठणठणीत आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकशे चाळीस तुझे आहेत."

संपलं, गेले सहा महिने! पण त्यांचा आवाज मऊ झाला. "झोप लागते का रे नीट? मोबाइल उशीला टेकवून ठेव. दोन्ही हात मोकळे कर. आता तीन बोटं. घाई नाही."

मी बोटं ठेवली. बाबांचं मनगट उबदार होतं. नाडी संथ, एका लयीत चालली होती.

"बहात्तर, मॅडम."

"पास. रुग्णाची काही तक्रार?"

"छे हो! मोबाइल बाजूला ठेवून पोरगा माझ्याजवळ बसला," बाबा म्हणाले. "वर्षभरात पहिल्यांदाच!"

मला भरून आलं. अशा मॅडम, असे बाबा, ओल्या पायपुसण्यावर उभी राहून डोळे पुसणारी आई. आणि लोक दारं लावून बसले होते त्या दिवसांत, पंप घेऊन का होईना, धावत आलेले सेक्रेटरी! या सगळ्यांचा मी आजही ऋणी आहे.

त्या परीक्षेचं रेकॉर्डिंग मॅडम आमच्या परवानगीने दरवर्षी नव्या मुलांना दाखवतात. परवा एक ज्युनियर मुलगी वॉर्डात मुद्दाम मला गाठायला आली.

"सर, त्या व्हिडिओतले तुम्हीच ना?"

मी कॉलर ताठ केली.

"तुमच्या बाबांना सांगा ना, पेशंटचं काय सुंदर काम केलंय त्यांनी!"