चालेलरावांची बदली

चालेलरावांचं खरं नाव बस डेपोत कुणाला आठवतच नव्हतं. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कुणीही टेबलापाशी येऊन रजा मागितली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "चालेल." एका सोमवारी हा शब्द इतक्या जणांच्या पदरात पडला, की सकाळी बसगाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या, प्रवासी आत बसलेले आणि चालवायला उरले एकटे मॅनेजरसाहेब. (साहेबांना स्कूटरसुद्धा धड चालवता येत नाही.)

त्या दिवशी साहेब जे बोलले, ते चालेलरावांनी घरी सांगितलं नाही. पण ताटावर बसून ते नुसते भाताकडे बघत राहिले. मग बायकोनेच विषय काढला. हल्ली माणसं मनातलं बोलायला समुपदेशकाकडे जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तुम्हीही एकदा जाऊन या, असं तिचं म्हणणं. 'नाही' म्हणण्याची एखादी गोळी मिळाली तर बरंच, असा विचार करून ते गेले.

गोळी मिळाली नाही. समुपदेशक बाईंची खोली लहानशी होती, समोरासमोर खुर्च्या आणि कोपऱ्यात एक हिरवंगार झाड. बाईंनी समजावून सांगितलं की इथे औषध नाही आणि आयता सल्लाही नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं आणि गाठ नेमकी कुठे बसलीय ते दोघांनी मिळून बघायचं.

"आणि एक," त्या म्हणाल्या, "माझी पद्धत सगळ्यांनाच मानवते असं नाही. नाही जमलं तर सरळ सांगा. मला वाईट वाटणार नाही. तुम्हाला मानवेल असं दुसरं कुणी शोधायला मीच मदत करेन."

"चालेल," चालेलराव म्हणाले.

बाईंची पद्धत अशी, की समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याला नकार द्यायचा तो माणूस तिच्यात बसलाय असं समजायचं आणि त्याला काय ते सुनवायचं. चालेलरावांनी खुर्चीत एक लबाड ड्रायव्हर बसवला, घसा खाकरला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटी त्या रिकाम्या खुर्चीला रजा मंजूर केली. वर तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं.

बाई चांगल्या होत्या, यात वादच नाही. पण त्या खुर्चीपुढे चालेलरावांची जीभ टाळ्याला चिकटायची. 'मला हे जमत नाहीये' हे वाक्य ते वाटेभर घोकत जायचे आणि तसंच न उघडता परत आणायचे. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय, की हे म्हणायचे, "फारच छान." मग घरी येऊन स्वतःचंच तोंड आरशात बघायची लाज वाटायची. नाही म्हणायला शिकवणाऱ्या बाईलाच नाही म्हणता येत नव्हतं!

शेवटी त्यांनी सोपा मार्ग काढला. थाप मारली.

"माझी बदली झालीय," ते म्हणाले. "लांब. एकट्यालाच जावं लागणार."

बाईंना वाईट वाटलं. मग त्या म्हणाल्या, हरकत नाही, आपण फोनवर बोलत जाऊ.

आता यावर चालेलरावांनी काय उत्तर दिलं असेल, ते सांगायला नकोच.

तेव्हापासून ठरलेल्या दिवशी दुपारी चालेलराव डेपोच्या मागे, इंजिन काढून ठेवलेल्या बसमध्ये जाऊन बसत आणि परगावाहून बोलत. परगावची हवा कशी, खोली कशी, घरमालकीण कशी खडूस, हे सगळं रचावं लागे. बाईंनी एकदा हळूच विचारलं, घरची आठवण येते का? आणि गंमत म्हणजे इथे खुर्ची नव्हती, कुणी समोर नव्हतं, त्यामुळे चालेलरावांची जीभ सुटली.

"येते ना," ते म्हणाले. "बायको तिकडे, मी इकडे. मला काय वाटतं ते मी तिला कधी सांगितलंच नाही हो. ती म्हणेल त्याला मान डोलवायची आणि गप्प बसायचं. मी तिथे असून नसल्यासारखाच होतो." बोलता बोलता डोळ्यांना पाणी आलं. परगाव खोटं होतं, पाणी खरं होतं.

रुमाल काढायला वळले, तर खिडकीखाली बायको उभी. हातात विसरलेला डबा.

तिने खिडकीतून हात आत घातला. डबा सीटवर ठेवून निघून गेली. संध्याकाळी चहा पुढे ठेवून तिने विचारलं, "तुमची बदली कधी झाली?"

चालेलरावांनी सगळं सांगितलं. खुर्ची, थाप, खडूस घरमालकीण, सगळं. मान इतकी खाली की बोलणं चहाच्या कपालाच ऐकू जावं.

"घरमालकीण म्हणजे मी का?" बायकोने विचारलं.

"छे गं. ती आपली अशीच."

तिने त्यांचा निवलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला सगळं पसंत असतं. इतकी वर्षं मी एकटीच ठरवतेय, याचा मलाही कंटाळा येतो हो." आणि तिने फोन त्यांच्या हातात दिला. "बाईंना खरं सांगा. मी इथेच बसते."

फोनवर सांगताना चालेलरावांना घाम फुटला. बाई रागावल्या नाहीत. बदलीच्या गावीही मागे आपल्याच डेपोतल्या गाड्यांची नावं पुकारलेली ऐकू येतात, असं त्यांच्या कधीच लक्षात आलं होतं, म्हणाल्या. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी एका सहकाऱ्याचा पत्ता दिला. हे गृहस्थ वयस्क होते आणि पेशंटबरोबर बागेत फेऱ्या मारत बोलत. समोर बघावं लागत नसल्यामुळे चालेलरावांचं सूत जुळलं. हळूहळू ते घरी एखाद्या पडद्याचा रंग नापसंत करू लागले, आणि बायको चक्क खूश होऊ लागली.

अखेर तो दिवस उगवला. एक तरुण ड्रायव्हर टेबलापाशी आला आणि रजा मागू लागला. चालेलरावांनी त्याचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. स्पष्ट, शांत, मान वर करून. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन पाठ थोपटली. ड्रायव्हर बिचारा आल्या पावली परत गेला.

त्याचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं, हे त्या दिवशी त्याची गाडी सुटल्यावर कळलं. पहिली फेरी संपवून तो खाकी गणवेशातच मांडवात पोचला, तोवर मुहूर्त टळून गेला होता. चालेलराव बायकोसह तिथे तोंड लपवून मागे उभे होते. पण नवरदेवाने मोठ्या मनाने त्यांना हाताला धरून पुढे नेलं, सगळ्यांना ओळख करून दिली आणि मानाच्या खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत नवरीची आई होती, आणि काय ते सुनवायला तिला कुणा बाईंकडे शिकायला जायची गरज नव्हती.