दान दिलेल्या इंदूताई

समोरच्या इमारतीतल्या इंदूताई बोंद्रे गेल्या महिन्यात देवस्थानाला दान झाल्या, आणि पावतीवर दाता म्हणून माझं नाव आहे.

सुरुवात अशी झाली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली दूधवाला कुणाला तरी सांगत होता, "इंदूताईंना बाहेर काढता येणार नाही म्हणे, त्या जर देवस्थानाच्या..." तेवढ्यात पाण्याची मोटर सुरू झाली. मी खाली धावले तोवर तो गेलेला.

ती इमारत देवस्थानाची. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या इमारती भाडेनियंत्रण कायद्यातून वगळल्या, आणि सगळ्या भाडेकरूंना नोटिसा आल्या. बाकीचे लेकाकडे, जावयाकडे गेले. इंदूताईंना कुणी नाही. एक्केचाळीस वर्षं त्या सात नंबरच्या खोलीच्या खिडकीत बसायच्या. माझा निम्मा स्वयंपाक त्यांच्याशी बोलता बोलताच व्हायचा.

म्हणून त्यांना घेऊन मी थेट व्यवस्थापक पोंक्ष्यांकडे गेले.

"ऐकलंत ते बरोबर आहे," पोंक्षे म्हणाले. "भाडेकरूला काढता येतं. देवस्थानाच्या वस्तूला नाही. समई, पंखा, सतरंजी, काहीही असो."

"मग मला वस्तूंत घ्या," इंदूताई म्हणाल्या.

"स्वतःला स्वतः देता येत नाही. दाता वेगळा लागतो."

"ही आहे की! शैला, दे गं मला."

"अहो, मी कशी देणार तुम्हाला?"

"सभामंडपाला पंखा दिलास तेव्हा पंख्याला विचारलं होतंस का?"

मी सही केली. पोंक्ष्यांनी नोंदवही उघडली. "इंदूताई, एक नग, चालू स्थितीत. कुठे गंज वगैरे?"

"गुडघ्यात थोडा," इंदूताई म्हणाल्या. तेही त्यांनी लिहून घेतलं.

दानाच्या वस्तूवर नाव घालतात. पेंटरनं त्यांच्या ब्लाउजच्या पाठीवर लाल रंगात माझ्या सासऱ्यांचं नाव घातलं, स्मरणार्थ. "हळू रे मेल्या, गुदगुल्या होतात," म्हणत त्या हसत होत्या. आम्ही पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सात नंबरला कुलूप लागलं. देवस्थानाच्या वस्तू खोलीत नाही, कोठीत राहतात. इंदूताईंना पातेली आणि सतरंज्यांच्या मधे एक स्टूल मिळालं. मागच्या आठवड्यात एका मुंजीसाठी भांड्यांबरोबर त्याही नेल्या होत्या. परत आल्या तेव्हा दोन डाव कमी भरले, त्या बरोबर भरल्या.

मी पुन्हा पोंक्ष्यांकडे गेले. "मला माझं दान परत हवंय. माझ्या घरी राहतील त्या. माझी इमारत खासगी आहे."

पोंक्ष्यांना खरंच वाईट वाटलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "वहिनी, पंखा कधी परत मागितलात का?"

नव्हता मागितला.

इंदूताईंना बाहेर काढता येणार नाही, एवढं दूधवाल्याचं खरं निघालं.

रोज दुपारी मी कोठीच्या गजांपाशी चहा घेऊन जाते. काल त्यांनी विचारलं, "माझ्या खिडकीत आता कोण बसतं गं?"

सात नंबर गोदामाला दिलाय. खिडकीला वरपर्यंत खोकी लावलीत.

"माझ्या गॅलरीतून दिसत नाही," मी म्हटलं.