सेमिस्टरचा सौदा

माझा मेहुणा रंभाजी तोंडानं भाव सांगत नाही. घोडेगावच्या बैलबाजारात दलालीत त्याची हयात गेली. तिथं उपरण्याखाली हात धरून बोटं दाबायची, म्हणजे तिसऱ्याला भाव कळत नाही. बाजारात ते ठीक. पण हा गडी भाजीवाल्याचाही हात उपरण्याखाली ओढतो. एकदा दाढ काढायला गेला, तर डॉक्टरचाच हात धरून बसला.

माणसंही तो जनावरासारखीच पारखतो. माझ्या लग्नात मला बघून आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाला होता, "आक्का, चालीला बरा हाय, पर मारका वाटतो." त्यावर ती जन्मभर हसली. आता ती नाही. घर खायला उठतं.

आमची धाकटी पूजा नगरला बी.एस्सी. करते. आई दवाखान्यात होती ते सगळं सेमिस्टर पोरगी तिच्या उशाशी होती. दहावा झाला अन् परीक्षा आली. मार्क असे पडले की पुढं एम.एस्सी.ला कोणी उभं करीना. मग कॉलेजात कळलं, कारण खरं असेल तर विद्यापीठ ते मार्क रद्द करतं. रंभाजी ऐकून उठलाच.

"चला दाजी. एक उन्हाळा बैल खंगला म्हून जातीनं वाईट झाला का?"

पूजाला घेऊन विद्यापीठात गेलो. क्लार्कनं अर्जासाठी खिडकीतून हात बाहेर काढला. रंभाजीनं त्यावर उपरणं टाकलं आणि बोटं दाबली.

क्लार्क ओरडला, "ओ आजोबा! लाच देताय का?"

"लाच कशाची सायेब? पोरगी चार पेपर पुन्यांदा लिहिती, तुमी जुनं पुसा. चार बोटं दाबली, कळंना व्हय?"

गर्दी जमली. मी म्हणालो, "गप येड्या, पोरीचं काम नासवशील."

आतून अधिकारी मॅडम आल्या. पूजानं सरळ सांगितलं, "मॅडम, त्या सेमिस्टरला माझी आई गेली."

मॅडमनी दाखले बघितले. म्हणाल्या, "जुने मार्क निघतील. पण पेपर सगळे द्यावे लागतील. आता पडतील ते मार्क कायमचे."

"देईन," पूजा म्हणाली. मॅडमनी सही केली.

परतीच्या एस.टी.त मी म्हटलं, "गेलं एकदाचं ते सेमिस्टर. सुटलो."

बहीण आजारी होती तेव्हा रंभाजी रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत यायचा, टपरीवर बसायचा आणि तिथूनच माघारी जायचा. तिला तसं बघायची छातीच झाली नाही त्याची.

सुपं गाव मागं पडलं, तसा तो पूजाशेजारी सरकला.

"त्यांनी पुसलं ते पुसलं, बाय. तू मातर इसरू नकू. तवा माजी आक्का काय काय बोलायची? पयल्यापासनं सांग."

पूजा सांगायला लागली. गाडी नगरच्या स्टँडात लागली, माणसं उतरली, तरी तिचं संपलं नव्हतं.

"ओ, उतरा की आता," कंडक्टर म्हणाला.

"थांबा वो," रंभाजी म्हणाला, "मदी बोलू नगा."