गजभियेकाकांचा अमेरिकेतला संप

गजभियेकाकांनी आपला टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

मी शिडी मागायला गेलो होतो. फ्रंट रूममध्ये तो जुना, पेटाऱ्याएवढा टीव्ही पाठमोरा बसवलेला. पाठीवर एक पुठ्ठा चिकटवलेला आणि पुठ्ठ्यावर जाड मार्करनं 'ऑन स्ट्राइक' असं लिहिलेलं. समोरच्या खुर्चीत काका ओव्हरकोट आणि मफलर घालून ताठ बसले होते.

"काका, हीटिंग बिघडलंय का?"

"पिकेट लाइनवर हीटिंग असतं का बाप्पा?"

दोन हजार सात संपून आठ लागलं होतं. तिकडे अमेरिकेत टीव्हीवरच्या मालिका लिहिणारे लेखक संपावर गेले होते आणि स्टुडिओंच्या फाटकांबाहेर पिकेट लाइन, म्हणजे संपकऱ्यांची रांग, करून उभे होते. मालिका इंटरनेटवर दिसायला लागल्या होत्या आणि त्यातला वाटा लेखकांना हवा होता. जगात बऱ्याच लोकांनी ही बातमी वाचली असेल, पण तिच्यासाठी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका गल्लीत आपल्याच घरात थंडीनं कुडकुडणारा माणूस एकच होता.

"गाडीचे दरवाजे मी बसवले," काका मला समजावत, "आणि मालकानं ती गाडी नवीन दुकानात मांडून विकली. मग म्हणते, हे दुकान नवीन आहे, इथले तुझे पैसे नाहीत. चालते का?"

दरवाजे त्यांनी खरोखरच बसवले होते. भंडाऱ्याहून तरुणपणी आले ते थेट इथल्या मोटारींच्या कारखान्यात. पुढे ते शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामगारांचे प्रतिनिधी झाले. निवृत्त झाल्यावरही ते पद त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. कुणाकडे जेवायला गेले आणि भाजीत मीठ कमी असलं, तर हात वर करून "पॉइंट ऑफ ऑर्डर!" म्हणत. एकदा डॉ. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण फार लांबलं, तेव्हा काकांनी उभं राहून चक्क ठराव मांडला आणि मतदान घ्यायला लावलं. भाषण बहुमतानं संपलं.

काकू मी शेजारी राहायला येण्याच्या आधीच वारल्या होत्या. काका त्यांच्याविषयी एक शब्दही बोलत नसत. मीही विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातला नाही. मुळात मी बोलणाऱ्यातलाच नाही आणि अपराधी वाटायला मला फार मोठं कारणही लागत नाही. लग्न मोडलं, तेव्हाही बायको शेवटी एवढंच म्हणाली होती, "निदान भांड तरी!" वडील गेल्यावर आईला साताऱ्याहून इकडे आणलं. सकाळी तिला चहा द्यायचा, कौन्सिलच्या पार्किंगच्या ऑफिसात जायचं, संध्याकाळी यायचं आणि "जेवलीस का?" विचारायचं. याहून जास्त तिच्याशी काय बोलावं, ते मला सुचत नसे. दिवसभर ती साडीवर माझा स्वेटर घालून खिडकीत बसे आणि लाल डबलडेकर बस मोजत राही.

तिच्याशी बोलायला लागले ते गजभियेकाका.

पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "गाव कोणतं आपलं?" काकांनी गाव सांगितलं आणि ती आणखी काही विचारायच्या आत मोठ्यांदा "जय भीम, ताई!" म्हणून टाकलं. आई क्षणभर थांबली. मी नजर कुठं ठेवावी या विचारात. मग तिनं पदर सावरला आणि विचारलं, "साखर किती घालू, भाऊ?"

"तीन चमचे. आणि डॉक्टरला सांगू नका."

तिथून गुरुवार सुरू झाले. काकांकडे सॅटेलाइटचा डबा होता. बुधवारी ते एक अमेरिकन मालिका पाहत आणि गुरुवारी दुपारी येऊन ती आईला मराठीतून सांगत. गुरुवारी मला अर्धी सुट्टी असे, म्हणून मीही स्वयंपाकघरातून ऐकत असे. कुठल्याशा थंड प्रदेशात एक मोठं सरोवर, त्यावर फेरीबोट चालवणारं कुटुंब. थोरला वॉल्टर, त्याची बायको डोना. काका सांगायला लागले की तो वॉल्टरभाऊ होई, ती डोनावहिनी. "वहिनी म्हणाल्या, या घरात मी पाणी पिणार नाही," असं काका सांगत आणि आई म्हणे, "सासू कशी होती पण!" अमेरिकेतल्या मालिकेत सासूचा पत्ताही नव्हता. काकांनी आईसाठी एक तयार करून दिली.

आणि डिसेंबर सरता सरता एका बुधवारी असा भाग लागला: वर्षभर माहेरी राहिलेली डोना परत येते. बर्फ पडतोय. ती बॅग घेऊन धक्क्यावर उभी आहे. वॉल्टर तिला न्यायला येणार आहे. तो येत नाही. पडदा काळा.

त्यानंतर मालिका बंद. लिहून ठेवलेले भाग संपले होते.

काका आनंदात होते. त्यांच्या मते अमेरिकन टीव्हीच्या इतिहासातलं ते सर्वांत चांगलं वर्ष होतं. रात्रीच्या गप्पांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी लेखकांच्या बाजूनं दाढ्या वाढवल्या, हे वाचून काकांनीही वाढवली. ("भाऊ, कावीळ झाली का?" आईनं विचारलं.) नट-नट्या पिकेट लाइन ओलांडेनात म्हणून बक्षिसांचा एक मोठा सोहळा नुसत्या पत्रकार परिषदेत गुंडाळावा लागला, त्या दिवशी काकांनी फोल्सहिल रोडवरच्या मिठाईच्या दुकानातून बर्फी आणून गल्लीत वाटली. शेजारच्या आयरिश आजीला वाटलं, काकांना नातू झाला.

आई मात्र अस्वस्थ होती.

"ती बाई थंडीत उभी आहे ना अजून?"

"संप मिटला की येईल न घरात, ताई."

"केव्हा मिटणार?"

"विजय मिळेल तेव्हा."

आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. किती महिने आम्ही तिची वाट पाहत होतो. आईला जिना चढता येत नव्हता, ती खाली सोफ्यावर झोपायची. कुशीवर वळताना दबक्या आवाजात कण्हायची. मी ते ऐकायचो, आणि झोपल्याचं सोंग करायचो. तारीख चुकली असती तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

आई म्हणाली, "मी जाणार नाही."

"का?"

"कहाणी अर्धी टाकून उठू नये. श्रावणात माझी आजी कहाणी वाचायला बसली की दारात पाव्हणा आला तरी पुरी करूनच उठायची. अर्धी टाकली की वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं, दोघांचंही काही खरं नसतं."

"आई, ती कहाणी नाहीये. ती मालिका आहे. अमेरिकेची!"

"मग अमेरिकेत बायका थंडीत मरत नाहीत वाटतं?"

हिच्यापुढे माझं काही चालत नाही. मी काकांकडे गेलो. म्हटलं, काका, तुम्हीच काहीतरी सांगा. डोना घरी आली, एवढं सांगितलं तरी पुरे.

काका ताडकन उभे राहिले. "म्हणजे लेखक तिकडे थंडीत उभे आणि त्यांचं काम मी इथे बसून करू? मला स्कॅब, संपफोड्या म्हणून राहिला तू? अरे, बाविशीत होतो तेव्हापासून एकदाही लाइन ओलांडली नाही मी! आणि ते कहाणीबिहाणी, व्रतंबितं, त्याच्यावर माझा विश्वास नाही, ते वेगळंच."

"काका, तिला चालता येत नाहीये." एवढंच बोललो. माझ्या हिशेबानं ते बरंच होतं.

काका परत खुर्चीत बसले. मी परत आलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. काका. टाय लावलेला, कोटाला युनियनचा जुना बिल्ला, दाढी विंचरलेली.

"ॲम्ब्युलन्सवाले संपावर जातात," ते दारातच म्हणाले, "तरी हार्ट अटॅकवाल्याला नेतात. त्याला इमर्जन्सी कव्हर म्हणतात. युनियनच तशी परवानगी देते. मी रात्रभर विचार केला. हे त्यात बसते. एकच भाग. फक्त एक."

आत येऊन ते आईसमोर बसले. आईनं मांडीवरची शाल सारखी केली.

"तर डोनावहिनी धक्क्यावर," काकांनी सुरुवात केली. "सकाळची वेळ. पायात चपला."

"मागच्या वेळी बूट म्हणाला होतात."

"चपला होत्या, ताई. बूट घ्यायचे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एका हातात पेटी. दुसऱ्या हातात चिठ्ठी, त्याच्यावर पत्ता. लोक येऊन राहिले, जाऊन राहिले. तिला तिथली भाषा येत नव्हती."

"अहो, ती अमेरिकेचीच ना?"

"थंडीत कोणाला कोणती भाषा येते?" ते म्हणाले. "दुपार झाली. संध्याकाळ झाली. वॉल्टर आला नाही. त्याचा संप होता. कारखान्याच्या फाटकावर उभा होता तो."

बोटीवाल्याचा कारखाना कुठून आला, हे आईनं विचारलं नाही. मी हातातली किटली खाली ठेवली.

"मग?"

"मग एक जमैकन बाई होती, स्टेशनात झाडू मारणारी. तिनं चिठ्ठी पाहिली. आपला कोट काढून हिला घातला आणि बसनं घरी आणून सोडलं. वॉल्टर रात्री आला. दार उघडलं तर ही जिन्यात बसलेली."

"काय म्हणाला तो?"

काकांनी टायची गाठ चाचपली. "म्हणाला, 'संप जिंकलो आपण.'"

"आणि ती?"

"ती म्हणाली, 'स्टोव्ह कुठे आहे? चहा करते.'"

आई आता त्यांच्याकडे नीट पाहत होती. "चुकलो म्हणाला की नाही तो? नंतर तरी?"

"नाही, ताई. ती कधी विषय काढत नव्हती. त्याला वाटलं, विसरली असेल. मग म्हणू, मग म्हणू, असं करता करता ती गेली न."

"नाही," आई म्हणाली. "अशी नाही संपवायची कहाणी. माझी उद्या तारीख आहे. पुरी करा, भाऊ."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. इतक्या सभा गाजवलेला माणूस, पण मान वर होईना. शेवटी खाली गालिच्याकडे बघत म्हणाले, "तो म्हणाला... चुकलो मी. त्या दिवशी लाइन सोडून यायला पाहिजे होतं. एक माणूस कमी असता, तर संप काही पडत नव्हता."

"हं," आई म्हणाली. "झाली पुरी." आणि माझ्याकडे वळून, "उद्या किती वाजता निघायचंय रे?"

मी काकांना दारापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी मफलर गुंडाळला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "युनियनमध्ये कोणाला बोलू नको."

"नाही बोलणार," मी म्हणालो. तो कारखाना पाडून तिथं घरं उभी राहिली होती. काकांच्या बरोबरचे बहुतेक सगळे गेले होते. सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार होतो?

पुढे संप मिटला. लेखकांना वाटा मिळाला, काकांनी दाढी काढली, टीव्हीचं तोंड खोलीकडे वळवलं. ती बोटीची मालिका मात्र परत आली नाही. त्या वर्षी तशा कितीतरी बंद पडल्या म्हणे. म्हणजे अमेरिकेत डोना अजून धक्क्यावरच उभी आहे. घरात आली ती फक्त आमच्या फ्रंट रूममध्ये. आई त्यानंतर बरीच वर्षं चालली, जिना चढली, काकांना तीन चमचे साखर घालून चहा देत राहिली. याबद्दल मी काकांचे आभार मानायला हवे होते. मी त्यांच्या छपराची पन्हळ साफ करून दिली, कुंपणाची हेजही कापली, पण तोंडानं बोललो नाही. ते आता इथं लिहून टाकतो आहे.

ऑपरेशननंतरची ती संध्याकाळ मला आठवते. आई गुंगीतून नुकती बाहेर आली होती. काका पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, द्राक्षांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"भाऊ," आई डोळे न उघडताच म्हणाली, "तिचं नाव काय हो?"

"डोना," काका म्हणाले.

"भाऊ."

वॉर्डातून औषधांची ट्रॉली गेली. काकांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"सुशीला," ते म्हणाले.